मांजरीची गोळी आणि तिची पिल्ले

ब्राझीलच्या लहान लहान गावांतून खते, बियाणे, गुरांची पेंड आणि कोंबड्यांचे खाद्य विकणारी दुकाने असतात. त्याच दुकानांच्या फळीवर एक छोटी कुपी मिळते. तिच्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असिटेट नावाचे कृत्रिम संप्रेरक असते. लोकांच्या बोलीत मात्र तिला ‘माजाविरुद्धची लस’ असे म्हणतात. वस्तुतः ती लस नव्हे. लस शरीराला रोगाशी लढण्यास शिकविते. ही कुपी शरीराला गर्भ राहिल्याचा खोटा निरोप देते. परंतु लस म्हटले की मनातील भीती जाते, आणि पशुवैद्याची चिठ्ठी तर सहसा कोणी मागत नाही. घरातली मांजरी रात्रभर ओरडू लागली, शेजारपाजारचे बोके भिंतीवर जमू लागले, की घरातील कोणीतरी ती कुपी आणतो आणि सुई टोचतो. शस्त्रक्रियेच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. त्यानंतर कधी खरोखरच महिनोन् महिने शांतता लाभते. कधी मात्र मांजरीचे पोट वाढते, दिवस भरतात, भरून उलटतात, तरी प्रसूती होत नाही. किंवा होते तेव्हा मेलेली, विद्रूप पिल्ले बाहेर येतात. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, याच जातीची औषधे गोळ्यांच्या रूपाने अनेक दशके घरोघरी दिली गेली. तेथील पशुवैद्यांनाही हीच कहाणी ऐकावी लागली.

अशा वेळी घरातील माणसे जो प्रश्न विचारतात तोच या व्याख्यानाचा विषय आहे. पिल्लांत व्यंग आले ते औषधामुळे काय? प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा स्वतःच्या हातून काही पाप घडल्याची टोचणी असते. म्हणून उत्तर घाईने देणे बरे नव्हे, आणि केवळ समजूत घालण्यासाठी देणे तर मुळीच बरे नव्हे.

प्रथम मांजरीच्या शरीराचा विचार केला पाहिजे. मांजरीचे ऋतुचक्र दिवसाच्या लांबीशी बांधलेले आहे. थंड प्रदेशांत हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की ती माजावर येते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत, जेथे दिवसमानात फारसा फरक पडत नाही, तेथे हे चक्र वर्षभर चालू राहू शकते. माज सुमारे आठवडाभर टिकतो, आणि बोक्याशी संयोग झाला नाही तर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा येतो. स्त्रीच्या किंवा गाईच्या शरीरात अंडे ठरावीक काळाने आपोआप सुटते. मांजरीचे तसे नाही. संयोगाची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते, मेंदू पीयूष ग्रंथीला जागी करतो, आणि मग एकदोन दिवसांत अंडी सुटतात. यामुळे मांजरीचा संयोग सहसा वाया जात नाही. एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हेही याच रचनेमुळे घडते.

गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. त्यांपैकी पहिले तीन आठवडे बाहेरून काहीही कळत नाही. आणि येथेच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे. मांजरी ओरडते म्हणून माणूस गोळी देतो. पण ती ओरडते तो काळ म्हणजे नेमका बोक्याची भेट होण्याचा काळ. आदल्या रात्री ती खिडकीतून निसटून आली असेल, तर गोळी तोंडात पडते त्या वेळी तिच्या शरीरात अंडी सुटण्याची तयारी झालेलीही असते. त्यात आणखी एक भर अशी की, गाभण असतानाही काही मांजरी माजाची लक्षणे दाखवितात. ‘ती माजावर आहे, म्हणजे गाभण नाही’ हा साधा हिशेब मांजरीच्या बाबतीत चुकू शकतो. औषध द्यायचेच झाले तर दोन माजांच्या मधल्या शांत काळात, आणि ती गाभण नाही अशी खात्री करून द्यावे, अशी सूचना असते. तथापि शांत असलेल्या मांजरीसाठी औषध आणायला दुकानात कोण जातो?

आता औषधाकडे वळू. १९२९ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन या दोघांनी सशांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवून दिले की, अंडे सुटून गेल्यावर अंडाशयात जो पिवळसर गोळा शिल्लक राहतो, त्यातील एका द्रव्यावर गर्भ टिकून राहणे अवलंबून असते. गाभण सशिणीचे अंडाशय काढून टाकले तर गर्भ नष्ट होई. त्या पिवळ्या पिंडाचा अर्क दिला तर गर्भ टिके. पुढे १९३४ मध्ये हे द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. त्याला प्रोजेस्टेरॉन हे नाव मिळाले, आणि त्या नावातच गर्भधारणेला अनुकूल असा अर्थ आहे. गर्भ टिकविणाऱ्या या द्रव्याचा उपयोग गर्भ न राहण्यासाठी व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी उफराटी वाटते. पण कारण साधे आहे. रक्तात प्रोजेस्टेरॉन आहे असे जाणवले की मेंदू समजतो, गर्भ राहिलेला आहे. मग नवे अंडे पिकविण्याचे आदेश तो थांबवितो. १९५० च्या दशकात प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारी, पण त्याहून टिकाऊ अशी अनेक कृत्रिम द्रव्ये रसायनशाळांत तयार झाली. १९६० साली अमेरिकेत स्त्रियांच्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि मेजेस्ट्रॉल ही याच कुळातील द्रव्ये लवकरच कुत्र्या-मांजरांच्या औषधपेटीत जाऊन बसली.

रिकाम्या गर्भाशयाच्या मांजरीला ही औषधे गाभण राहू देत नाहीत. गाभण मांजरीला ती काय करतात? पुष्कळांची समजूत अशी असते की गर्भपात होईल. तसे होत नाही. गर्भ टिकविणे हेच ज्या द्रव्याचे काम, त्याने गर्भ पाडावा कसा? उलट ते गर्भाला धरून ठेवते, आणि धरून ठेवण्याची मुदत संपली तरी सोडत नाही.

प्रसूतीची वेळ आली की आईच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन उतरते. ते उतरल्यावर गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावू लागतात, गर्भाशयाचे मुख सैल होते, आणि पिल्ले बाहेर येतात. सुईने दिलेले मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मात्र टोचलेल्या जागी साठून राहते व तेथून हळूहळू, महिनोन् महिने रक्तात पाझरत असते. मांजरीच्या स्वतःच्या पिंडांनी आपले काम संपविले तरी हे उसने द्रव्य रक्तात असतेच. गर्भाशय शांत राहते, मुख मिटलेले राहते. पासष्टावा दिवस जातो, सत्तरावा येतो. आत पिल्ले वाढतच असतात. पण त्यांना पोसणाऱ्या वारेची आयुर्मर्यादा ठरलेली असते. ती जीर्ण होते आणि पिल्ले एकामागून एक आतच मरतात. मेलेली पिल्ले कधी सुकून काष्ठवत होतात. गर्भाशयात जंतूंचा शिरकाव झाला तर ती सडतात, कातडी सुटते, हाडे मोकळी होतात, आणि त्या विषाने मांजरीचाही जीव जाऊ शकतो. पोट उघडून गर्भाशय काढणे हाच मग बहुधा एकमेव उपाय उरतो. ज्या शस्त्रक्रियेचा खर्च वाचावा म्हणून कुपी आणली होती, तीच शस्त्रक्रिया आता कितीतरी अधिक धोक्याच्या अवस्थेत करावी लागते.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधले पाहिजे. आत मरून राहिलेल्या पिल्लाचा चेहरा बदलतो. कवटीची कोवळी हाडे एकमेकांवर सरकतात, डोके चपटे होते, डोळे खोल जातात, त्वचा सोलवटते. असे पिल्लू पाहून घरातील माणसे म्हणतात की ते व्यंग घेऊनच घडले होते. ते पुष्कळदा खरे नसते. पिल्लू नीट घडलेले असते. मेल्यानंतर बिघडलेले असते. औषधाचा दोष यामुळे कमी होतो असे नाही. परंतु घडणीतला दोष आणि मरणानंतरचा बदल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कारणांचा शोध घेताना त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

मग खऱ्या अर्थाने घडणीतला दोष ही औषधे उत्पन्न करतात काय? या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा जननेंद्रियांविषयीचा आहे, आणि तो समजण्यासाठी एका फ्रेंच शास्त्रज्ञाचा प्रयोग पाहावा लागतो. आल्फ्रेद जोस्ट यांनी पॅरिसमध्ये सशाच्या गर्भावर, तो आईच्या पोटात असतानाच, शस्त्रक्रिया करून त्याची जननग्रंथी काढून टाकण्याचे अत्यंत नाजूक काम केले. १९४७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भ नर असो वा मादी, ग्रंथी वेळेवर काढली तर त्याचे शरीर मादीच्या धर्तीवर घडे. म्हणजे नर घडण्यासाठी वृषणातून काही द्रव्ये यावी लागतात. ती आली नाहीत तर घडण मादीची होते. जोस्ट यांच्या ध्यानात असेही आले की हे काम एका द्रव्याचे नाही. टेस्टोस्टेरॉन नरेंद्रिये वाढविते. पण ज्या नळ्यांपासून गर्भाशय बनायचे त्या नळ्या पुसून टाकण्याचे काम दुसरेच कोणते तरी द्रव्य करते. त्या दुसऱ्या द्रव्याची गाठ या व्याख्यानाच्या अखेरीस पुन्हा पडेल.

जोस्ट यांच्या प्रयोगाचा व्यावहारिक अर्थ असा की मादी गर्भाच्या रक्तात बाहेरून पुरुषी गुणाचे द्रव्य आले तर तिची बाह्येंद्रिये नराच्या दिशेने झुकतील. दुर्दैवाने याची प्रचीती माणसांत आली. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समध्ये बालकांच्या ग्रंथिविकारांचे काम करणारे लॉसन विल्किन्स यांनी १९५८ ते १९६० या काळात अशा मुलींची नोंद केली, ज्यांच्या मातांना गर्भपात टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसदृश कृत्रिम औषधे दिलेली होती. त्या मुलींची अंडाशये व गर्भाशये ठीक होती. बाह्येंद्रिये मात्र मुलासारखी दिसत होती. त्या औषधांत गर्भ टिकविण्याच्या गुणाबरोबर पुरुषी गुणाचा अंशही होता. तो अंश प्रत्येक द्रव्यात सारखा नसतो; मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि मेजेस्ट्रॉल यांत तो पुष्कळच सौम्य आहे. पण मात्रा मोठी असेल तर सौम्य गुणही जाणवू लागतो. पशुवैद्यकाची पुस्तके म्हणूनच बजावतात की गाभण मादीला ही औषधे दिल्यास मादी पिल्लांत नराची लक्षणे येऊ शकतात. मांजरीच्या घरात हे लक्षात येतेच असे नाही. नवजात पिल्लांत नर कोणता, मादी कोणती हे ओळखताना अनुभवी माणसेही चुकतात. महिनाभर ‘बोका’ म्हणून वाढविलेले पिल्लू नंतर मादी निघाले तर त्याला औषध नव्हे, पाहणाऱ्याची नजरच बहुधा कारणीभूत असते.

दुभंगलेल्या टाळूचा प्रश्न याहून अवघड आहे. नवजात पिल्लू आचळाला लागते, ओढते, आणि दूध नाकातून परत येते. ते फुप्फुसात उतरले की पिल्लू दोनचार दिवसांत दगावते. घरातील माणसांना सर्वांत जिव्हारी लागणारे व्यंग हेच. १९५१ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर आणि फेनस्टॅट यांनी गाभण उंदरांना कॉर्टिसोन टोचले, तेव्हा पिल्लांच्या टाळू दुभंगलेल्या निघाल्या. परंतु सर्व उंदरांत सारख्या प्रमाणात नव्हे. एका वंशाच्या उंदरांत जवळजवळ सर्व पिल्ले दोषी निघाली. दुसऱ्या वंशात, तेच औषध त्याच रीतीने देऊनही, एकपंचमांशापेक्षा कमी. औषध आणि आनुवंश यांतील नेमके कोण दोषी, असा प्रश्न विचारणेच कसे अपुरे असते हे या प्रयोगाने फार लवकर दाखवून दिले. तरीही न्यायालयांपासून घरच्या ओसरीपर्यंत तो प्रश्न अजून याच रूपात विचारला जातो.

कॉर्टिसोनचा येथे काय संबंध? संबंध असा की मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन व मेजेस्ट्रॉल ही दोन्ही द्रव्ये शरीरात काही अंशी कॉर्टिसोनसारखीही वागतात. मांजरीत तर हे विशेष दिसते; मेजेस्ट्रॉलच्या गोळ्या काही दिवस दिल्या की तिच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात, भूक वाढते, आणि काही मांजरींना मधुमेहही जडतो. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेने सशाच्या गर्भात टाळू दुभंगल्याचे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. उलटपक्षी माणसांत, १९७० च्या दशकात या औषधांमुळे हृदयाची व हातापायांची व्यंगे होतात असा जो संशय पसरला होता, तो पुढील मोठ्या पाहण्यांत टिकला नाही. सशाचा निकाल मांजरीला जसाच्या तसा लागू करता येत नाही, आणि माणसाचाही नाही. मांजरीला दिली जाणारी मात्रा माणसाच्या मात्रेशी ताडून पाहिली म्हणजे हे पटेल. स्त्रियांना मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची जी सुई दर तीन महिन्यांनी दिली जाते, आणि भारतात २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने सरकारी रुग्णालयांत जी उपलब्ध झाली, तिच्यात १५० मिलिग्रॅम औषध असते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला हे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅम पडते. ब्राझीलच्या दुकानातील कुपीत ५० मिलिग्रॅम असते, आणि ती तीन किलोच्या मांजरीला एकाच वेळी टोचली जाते. म्हणजे किलोमागे १६ मिलिग्रॅमहून अधिक. प्राण्यांच्या शरीरांची तुलना केवळ वजनावर करता येत नाही हे खरे; तरीपण पाचपट हे अंतर दुर्लक्षण्याजोगे नाही.

तेव्हा औषधाचा संशय रास्त आहे. परंतु संशय रास्त आहे म्हणून प्रत्येक वेळी तोच अपराधी ठरत नाही, आणि मांजरीच्या पिल्लांच्या व्यंगांचा इतिहास तर चुकीच्या माणसाला पकडल्याच्या उदाहरणांनी भरलेला आहे. त्यांतील एक सविस्तर सांगण्यासारखे आहे.

काही पिल्ले चालू लागताच झिंगल्यासारखी डुलतात. पाय फाकवून उभी राहतात, वाटीतल्या दुधाकडे तोंड नेताना मान थरथरते, उडी मारली तर भलतीकडेच पडतात. शवविच्छेदनात त्यांचे अनुमस्तिष्क, म्हणजे तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, अगदी लहान आढळतो. एकोणिसाव्या शतकापासून अशा पिल्लांची वर्णने आढळतात. एकाच वेतात दोनतीन पिल्ले अशी निघत, कधी त्याच मांजरीच्या पुढच्या वेतात पुन्हा निघत. म्हणून हा दोष आनुवंशिक आहे असे ठरून गेले. पुस्तकांनी ते मत एकमेकांकडून उचलले. अमेरिकेतील डार्टमथ वैद्यकीय विद्यालयात लॉरेन्स किलहॅम आणि जॉर्ज मार्गोलिस हे दोघे मांजरांवर काम करीतच नव्हते. ते उंदरांतील एका विषाणूचा अभ्यास करीत होते. तो विषाणू हॅम्स्टरच्या नवजात पिल्लांना टोचला असता ती पिल्ले डुलू लागली, आणि त्यांचे अनुमस्तिष्क लहान राहिलेले आढळले. ते चित्र मांजरीच्या डुलणाऱ्या पिल्लांशी इतके जुळत होते की त्यांनी तिकडे मोर्चा वळविला. १९६६ साली त्यांनी सिद्ध केले की डुलणाऱ्या पिल्लांतही एक विषाणू असतो; आणि तो मांजरांत सर्वत्र आढळणाऱ्या, पांढऱ्या रक्तपेशींचा नाश करणाऱ्या साथीच्या रोगाचाच विषाणू निघाला.

या विषाणूची भूक एकाच प्रकारच्या पेशींवर असते: ज्या पेशी विभागत आहेत त्यांच्यावर. मोठ्या मांजरात अशा पेशी आतड्यात व अस्थिमज्जेत असतात, म्हणून तिला हगवण लागते व रक्त दुबळे होते. पिल्लात गर्भकाळाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात अनुमस्तिष्काच्या पेशी भराभर विभागत असतात. म्हणून घाव तेथे बसतो. आई स्वतः आजारी पडलेली दिसलीच पाहिजे असेही नाही. इतकेच नव्हे, याच रोगाविरुद्धची जिवंत विषाणूंची लस गाभण मांजरीला दिली तरी पिल्लांना तेच व्यंग येऊ शकते. ज्या घरात त्या वर्षी लसही टोचली आणि माजाची सुईही टोचली, तेथे डुलणाऱ्या पिल्लांचा दोष सुईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डुलणारी पिल्ले, हे सांगितले पाहिजे, मरत नाहीत. दोष वाढतही नाही. थोडी काळजी घेतली तर ती पूर्ण आयुष्य जगतात आणि आपल्या डुलण्याची सवय करून घेतात.

दुसरे उदाहरण गजकर्णावरील औषधाचे. मांजरांच्या अंगावर गजकर्ण फार. त्यावर ग्रिझिओफुल्विन नावाच्या गोळ्या देण्याची पद्धत होती. १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील फ्रेड्रिक स्कॉट, अलेक्झांडर डी लाहुंटा आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की गाभण मांजरीला हे औषध दिल्यास पिल्लांत भयानक व्यंगे येतात: कवटीबाहेर आलेला मेंदू, कपाळावर एकच डोळा, न मिटलेला कणा, दुभंगलेली टाळू. हे औषध निःसंशय दोषी होते. पण घरातील माणसांना गजकर्णाच्या गोळ्या आठवत नाहीत. त्यांना माजाची गोळी आठवते, कारण तिच्याविषयी मन आधीच खात असते.

याखेरीज आईच्या आहारात टॉरिन या द्रव्याची उणीव असेल तर गर्भ दगावतात आणि जगलेल्या पिल्लांची वाढ बिघडते. केवळ कुत्र्यांचे खाद्य किंवा भाजीभातावर वाढविलेल्या मांजरींना हा धोका असतो. काही दोष तर माणसाने आवडीने जोपासलेले आहेत. आइल ऑफ मॅन या बेटावरील बिनशेपटीच्या मांजरांत तोच जनुक पाठीच्या कण्यालाही अपंग करू शकतो. पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या मांजरी बहुधा बहिऱ्या असतात, हे डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले होते.

मग पशुवैद्याने करावे काय? सर्वांत आधी तारखा मांडाव्यात. संयोग केव्हा झाला असावा, सुई किंवा गोळी केव्हा दिली, आणखी कोणते औषध वा लस दिली, प्रसूती केव्हा झाली. मांजरीच्या गर्भाची टाळू पहिल्या महिन्याच्या अखेरीच्या सुमारास जुळते. एकदा जुळलेली टाळू नंतरच्या औषधाने दुभंगत नाही. शेवटच्या आठवड्यात दिलेली गोळी प्रसूती लांबवू शकेल, पण टाळूचा दोष तिच्यावर येणार नाही. गोळीच्या बाबतीत हा हिशेब सोपा असतो, कारण तिचा अंमल थोड्या दिवसांचा. टोचलेल्या औषधाच्या बाबतीत तो तितका उपयोगी पडत नाही. गर्भकाळाच्या प्रारंभी दिलेली एक सुई टाळूच्या वेळी, जननेंद्रियांच्या वेळी आणि प्रसूतीच्या वेळीही रक्तात हजर असते. आणि चुकून गाभण मांजरीला सुई दिली गेल्याचे वेळीच कळले, तर हताश होऊन बसण्याचे कारण नाही. सोनोग्राफीने तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गर्भ दिसतो. प्रोजेस्टेरॉनचा परिणाम अडविणारे ॲग्लेप्रिस्टोनसारखे औषध काही देशांत मिळते, आणि जेथे मिळत नाही तेथे वेळीच शस्त्रक्रिया करता येते. लपवून ठेवणे मात्र घातक. पशुवैद्यापुढे ‘सुई दिली होती’ हे वाक्य उच्चारायला माणसे संकोचतात, आणि त्या संकोचात मांजरीचे दिवस उलटून जातात.

पिल्लांच्या चर्चेत आईचा विसर पडू नये. या औषधांची खरी किंमत बहुधा तीच देते. काही तरुण मांजरींची स्तने एकाच सुईनंतर लिंबाएवढी सुजतात. गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि त्यात पू साठतो. नेदरलँड्समधील मिस्डॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, नियमितपणे अशी औषधे घेणाऱ्या मांजरींत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले. हाच अनुभव प्राणिसंग्रहालयांनाही आला. पिंजऱ्यातील सिंह-वाघांची संख्या आवरण्यासाठी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत त्यांच्या त्वचेखाली मेलेन्जेस्ट्रॉल नावाच्या याच कुळातील द्रव्याच्या कांड्या बसविल्या जात. त्या सोयीच्या होत्या, वर्षानुवर्षे काम देत. पुढे लिंडा मन्सन यांनी मेलेल्या वाघ-बिबट्यांची गर्भाशये आणि स्तने तपासली, तेव्हा त्या सोयीचा हिशेब पुढे आला. घरातली भाटी आणि जंगलातली वाघीण या बाबतीत एकाच कुळातल्या आहेत.

इटलीतील पादुआचे स्टेफानो रोमान्योली यांनी २०१५ मध्ये असा विचार मांडला की पूर्वीच्या अनर्थाचे मुख्य कारण बेसुमार मात्रा हे होते. अगदी अल्प मात्रेत, मर्यादित काळ, तपासलेल्या मांजरीला ही औषधे देता येतील. त्यात तथ्य आहे. ज्या वस्तीत शंभर भटकी मांजरे आहेत आणि शस्त्रक्रिया करणारा कोणी नाही, तेथे अल्प मात्रा हा निदान तात्पुरता आधार होऊ शकतो. पण तपासलेली मांजरी, मोजलेली मात्रा आणि नोंदलेली तारीख या तीन अटी पेंडीच्या दुकानात पाळल्या जात नाहीत, आणि तोवर अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया हाच घरच्या मांजरीसाठी उत्तम मार्ग होय. ती एकदाच करावी लागते. आणि लहान वयात केली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही पुष्कळ घटतो.

जोस्ट यांच्या दुसऱ्या द्रव्याची गोष्ट अद्याप राहिली आहे. गर्भाशयाच्या नळ्या पुसून टाकणाऱ्या त्या द्रव्याला पुढे अँटी-म्युलेरियन संप्रेरक असे नाव मिळाले, आणि प्रौढ मादीच्या अंडाशयात तेच द्रव्य अंडी पिकण्याच्या क्रियेला लगाम घालते असे आढळले. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डेव्हिड पेपिन आणि सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातील शास्त्रज्ञांनी या द्रव्याचा मांजरीचा जनुक एका निरुपद्रवी विषाणूत बसवून तो सहा मांजरींच्या मांडीत एकदाच टोचला. तिघींना तो जनुक दिला नाही. स्नायूच ते द्रव्य तयार करू लागले. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले, आणि बोक्यांबरोबर चारचार महिने त्यांना दोनदा एकत्र ठेवण्यात आले. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जनुक टोचलेल्या सहांपैकी एकही गाभण राहिली नाही. उरलेल्या तिघींना पिल्ले झाली.